सावनीचा दोडका आणि हॉलचा एसी

बहारीनच्या विमानतळावर मुंबईला निघालेल्यांच्या रांगेत स्मिता उभी होती. तिच्या पुढे एक जोडपं आणि त्यांची रडवेली मुलगी.

"बाबा, हू विल वॉटर माय दोडका?"

"रडायचं नाही, सावनी. एसीचं पाणी पडतं त्या नळीखालीच कुंडी ठेवलीय ना आपण?"

"बट आई स्विच्ड एव्हरीथिंग ऑफ!"

"हळू बोल. हॉलचा एसी मी परत लावून आलोय."

"रिअली?"

"मग! महिन्याने येऊ तेव्हा वेल छताला टेकलेला असेल बघ. पहिलं फूल तूच दाखवलंस मला, तर पहिला दोडका तूच तोडायचा."

"मी ऐकतेय हं, सलील," मुलीची आई मागे न वळता म्हणाली.

"निधी, अगं, ऐक तर..."

"पासपोर्ट विसरले म्हणून मी परत वर गेले होते ना, तेव्हाच दिसला मला चालू."

"आणि बंद केलास?"

"आई, नो!"

पुढे जागा झाली, तरी तिघं हलेनात. मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई केली. स्मिताने त्याला हातानेच थांबवलं.

"बंद कशाला करू? बेडरूमचाही लावून आले. त्या नळीखाली माझा कढीपत्ता आहे."

"आणि वर्षभर 'एसी बंद कर' म्हणून माझ्या मागे लागतेस ते?"

"तुला उकडलं तर तू उठून अंघोळ करतोस. त्या बिचाऱ्यांनी कुठे जायचं?"