सावडीनं केलेले धडे

आजच्या सभेचे मानाचे अध्यक्ष उदयसिंहदादा, संस्थेचे दिग्विजय सर, व्यासपीठावरची थोर मंडळी, मंद्रूपहून वडापच्या जीपात दाटीवाटीनं बसून सोलापुरात आलेल्या माझ्या बायांनो, आन् जिच्यासाठी हे हारतुरे आणलेत ती माझी नात ऋतुजा, समद्यांना या मायाक्काचा रामराम.

मी दुसरीतनं शाळा सोडलेली बाई. मला माइकम्होरं उभं करायचं म्हंजी शेळीला पालखीत बसवायचं. तरी दादांनी मान दिला, त्यांचे उपकार हायत. ऋतुजा उद्या पुण्याला निघाली. शेळ्यांच्या दुखण्याखुपण्याचं तितल्या बायांना शिकवणार. नातीचं कौतुक आज्जीनं न्हाय करायचं तर कुणी? चार वाक्यं घोकून आले होते. गोड होती. पण आत्ता सरांनी पडद्यावर जे ऐकवलं, त्यानंतर ती बोलायची न्हाईत असं ठरवलं.

तुमी बी ऐकलं की. "शेळीचं पोट डाव्या अंगानं फुगलं की तिला आडवी पडू देऊ नका. म्होरले पाय उंचवट्यावर घ्या, डॉक्टर येस्तवर पोट चोळत ऱ्हावा." सर म्हणले, हे ऋतुजाताईंचं आदर्श उत्तर. टाळ्या पडल्या. सर, एवढ्या कवळ्या पोरीचा आवाज म्हातारीगत घोगरा कसा, ह्यो इचार कुणालाच शिवला न्हाय व्हय? तो आवाज माझा हाय. मागनं शेळी वराडती ती बी माझीच.

आता हे कसं झालं ते सभेला सांगायला पायजे. आमच्याकडं सुगीला सावड चालती. आज समद्या मिळून तुझं रान, उद्या माझं. संस्थेचं फोनवरचं हे शेळ्यांच्या दुखण्याचं शिक्षणबी आमी सावडीनंच केलं. धडे बघाया चांगला फोन एकट्या ऋतुजाचा. मग एकीनं धडा बघायचा, शेवटी फोनात बोलून उत्तर द्यायचं, तवर बाकीच्यांनी तिची शेरडं राखायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. धडा उघडताना नाव ऋतुजाचं दिसायचं. मी इचारलं, तर म्हणली, "आज्जे, शेवटी ज्याचं त्याच्या नावावर वाटता येतंय." आमाला काय ठावं? सावडीत कुणी कुणाचं रान बळकावल्यालं आमी तर कधी बघितलं न्हवतं.

परीक्षेच्या तोंडाला एक दिवस धडे आन् आमची उत्तरं गायब. फोन भरला म्हणून पोरीनं आतलं पुसलं, आन् समदं कोरं. आमाला म्हणली, "गेलं आज्जे. आता काय बी परत येत न्हाय." बाया चिडल्या. बजाबाई म्हणली, "पोरगी लपवती काय तरी." म्या तिच्यासंगं भांडले. म्हणले, माझी नात खोटं बोलत न्हाय, बोलली तर मला इचारा. निंगव्वानं भांडण मिटवलं. "जाऊ दे की मावशी, पोरीच्या हातनं झालं, ती काय मुद्दाम करती व्हय?" निंगव्वा, तू तितं मागं बसलीस न्हवं? जरा हात वर कर, समद्यांना दिसू दे. नवरा गेल्यापास्नं दोन लेकरं हिच्या गळ्यात. गावात जनावरांच्या दवाखान्याचं काम निघणार हाय, ते ह्या शिक्षणाचा दाखला असणारीलाच मिळणार. ह्या आठवड्यात नावं घ्यायची बंद होत्यात.

आन् आत्ता सर काय बोलले? "धडे गायब झाले तेव्हा ताईंनी त्याच दिवशी मला फोन केला. मी सांगितलं, घाबरू नका, फोनमधलं गेलं तरी संस्थेच्या मशीनवर शाबूत असतं. त्याच नंबरानं परत उघडा, थोडं थांबा. ताईंनी उघडलं, आणि सगळं जिथल्या तिथं. बघा ही चिकाटी."

बघितली सर. लई चांगली बघितली.

त्याच दिवशी परत आल्यालं, समदं आपल्याच नावावर ठेवलं, आन् ही आमच्याबरूबर हळहळत जेवाया बसली. म्या तिच्या ताटात जादाची भाकर वाढली, पोरीनं जीवाला लावून घेतलं म्हणून. लांडग्यानं शेरडू नेलं तर दुःख व्हतं, बाबांनो, पण त्यात लाज न्हाय. राखणीच्या कुत्र्यानं नेलं तर लोकांम्होरं तोंड कुटं न्यायचं?

मगाशी सरांच्या कानात इचारलं, आता उत्तरं वाटता येत्यात का? सर भले माणूस. म्हणले, "मायाक्का, प्रत्येक उत्तराला आवाज आहे. तपासून ज्याचं त्याच्या नावावर आजही चढवता येईल. पण ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः सांगावं लागतं." म्हंजी मी कितीबी वराडले तरी उपेग न्हाय. बोलायचं ऋतुजानं एकटीनं.

दादांनी मान दिला, सरांनी खरं सांगितलं, मंडळींनी म्हातारीचं ऐकून घेतलं, मी आभारी हाय. चहा देणाऱ्यांचीबी आभारी हाय, चहा बरा होता. माझ्या बोलण्यात काय चुकलंमाकलं आसंल तर सभेनं पोटात घालावं. नातीचं मातुर माझ्या पोटात मावत न्हाय.

कार्यक्रमात पुढं लिवलंय, आज्जीच्या हातानं शाल. शाल ही माझ्या हातात हाय, घडी मोडलेली न्हाय. मी माइकापास्नं बाजूला व्हते.

ऋते, ये. निंगव्वाकडं बघून बोल.