समारोप हवा म्हणे!

…नाही म्हणजे नाही, वही फाडीन पण ते वाक्य लिहिणार नाही, असं सुनेला ठणकावलं मी, आणि तुम्हाला सांगते, काय चुकलं माझं? ती शाळेत मास्तरीण, मी जन्मभर शिवणयंत्रावर, आणि आता बहात्तराव्या वर्षी दहावीला बसलेय. बाकीचे विषय सुटले, भाषेत दोनदा आपटले! उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, तर निबंधाखाली लाल शेरा: 'समारोप नाही.' समारोप हवा म्हणे, समारोप! आणि उद्या तिसरी खेप…

अहो, मी वाचायला शिकले कशी? पाठचा भाऊ झाला म्हणून दुसरीतून घरी बसवली, पुढचं सगळं शिकले ते कापडाचे बेत वाचून. बेत म्हणजे कपड्याचा कागदी नमुना, आम्ही तो कापतो जुन्या वर्तमानपत्रावर. बाही कापली की बातमी अर्धी, गळा कापला की अग्रलेखाला भोक, एका पुढाऱ्याचं भाषण तर काखेतच संपलं! ढीगभर वाचलं, पण शेवट म्हणून एकाचा पाहिला नाही. मला वाटायचं, शहाणी माणसं अशीच लिहितात… मध्येच थांबून!

सून म्हणते, "आई, समारोपात नवा मुद्दा आणायचा नाही, आधीचंच थोडक्यात सांगायचं." का? परीक्षक पानभरात विसरला? "आणि आशेवर संपवायचं. लिहा, शिक्षणाने माझे जीवन उजळून निघाले." उजळलं? अगं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या! तेवढ्यात मुलगा, बायकोच्या आडून, "लिही ना आई एक ओळ, तुझं काय जातंय?" काय जातंय? अरे, पन्नास वर्षांत कुणाच्या कमरेचं माप बोटभर खोटं लिहिलं नाही मी, गिऱ्हाईक रडलं तरी नाही, आणि आता स्वतःचं लिहू? पण नाही, समारोप हवा म्हणे!

शेवटी सुनेनं पेन आपटलं. "बरं, पास झाल्यावर पुढं काय करणार, ते तरी लिहा. काही स्वप्न असेल की नाही?"

पास! मी कसली होतेय पास… पण तिचा उतरलेला चेहरा पाहिला, पेन उचललं, आणि म्हटलं, घे, ऐक तुझा समारोप: "साहेब, यंदाही नापास केलंत तर माझी तक्रार नाही, फक्त पुढच्या खेपेला नापास व्हायला मी असेनच असं नाही."