वर्ख कशात कुटतात ते सांगून जा

तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा मला चहा पाजून परत पाठवलं. आज चौथ्यांदा विचारणार आहे, आणि आज माईक माझ्या हातात आहे. तर अध्यक्षस्थानी बसलेले मालक, त्यांच्या शेजारचे पाहुणे, आज निरोप घेणारे आमचे वस्ताद, आणि समोरच्या भट्टीवरच्या, पॅकिंगवरच्या माझ्या बायांनो, सगळ्यांना नमस्कार. मला सांगितलंय, वस्तादांबद्दल चार चांगले शब्द बोल. बोलते. पण मला स्वस्थता नाही, म्हणून घाईत बोलते.

मिठाईला चांदीचा वर्ख लावायला मला वस्तादांनी शिकवलं. पंखा बंद करायचा, श्वास रोखायचा, कागद उलटा टेकवायचा, हलकेच उचलायचा. बावीस वर्षं मी श्वास रोखतेय. त्यांनी कधी शिवी दिली नाही. वर्ख फाटला की नुसतं बघायचे, ते जास्त लागायचं. असा माणूस पुन्हा मिळेल का? नाही मिळणार. झालं कौतुक.

गेल्या महिन्यात वर्ख कमी पडला, म्हणून वस्तादांनी मला वर्खवाल्याकडे धाडलं. तिथे एक म्हातारा दगडावर जाड वही ठेवून हातोडीने कुटत होता. पानापानात चांदी. मी पान चाचपलं, तर तो कागद नव्हता.

"कसलं हो हे?"

"जनावराच्या आतड्याचं. कागद एवढा मार खात नाही," तो मान वर न करता म्हणाला.

परत येऊन वस्तादांना विचारलं. म्हणाले, "बाई, चांदी शाकाहारीच. तिला काय आईबाप असतात?" सगळे हसले, मीही हसले. मालक म्हणाले, आता आपला माल मशीनवरचा, कागदातला येतो. येत असेल. पण पाकीट तेच, दोरा तोच, गाठसुद्धा तीच. मग मी काय समजायचं?

तुला एवढं काय पडलंय, असं वाटेल कुणाला. माझ्या घरी सासूबाई आहेत, ब्याऐंशीच्या. उभ्या जन्मात मटणाच्या भांड्याला त्यांनी हात लावला नाही. दर रविवारी मी इथल्या मिठाईचा मोडका तुकडा नेते आणि "शुद्ध आहे, माझ्या हातचा आहे" म्हणून भरवते. गेल्या रविवारी सुरीने वर्ख खरवडत होते, तर त्या दारात उभ्या.

"खरवडतेस कशाला?"

"दातात अडकतो."

"अगं, मला दात कुठे आहेत?" मग जवळ येऊन म्हणाल्या, "खाऊ का? तू म्हणशील तसं."

मी नुसती सुरी पदराला पुसत राहिले. त्यांनी तुकडा डब्यात ठेवला. तेव्हापासून माझ्या हातचा चहासुद्धा हुंगून पितात.

ज्यांना चालतं त्यांनी खुशाल खावं, माझं काही म्हणणं नाही. ज्यांना चालत नाही, त्यांना मी इतकी वर्षं काय भरवलं, एवढंच कळू द्या. वस्ताद, माल तुम्ही निवडायचात. उद्या तुम्ही लेकीकडे जाल, मग मी कुणाला विचारू?

कार्यक्रम नीट झाला, ज्यांनी खुर्च्या लावल्या त्यांचे आभार, मला बोलू दिलं म्हणून मालकांचेही. मी तिसरीपर्यंत शिकलेली, बोलण्यात तोल गेला असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. प्रश्न मात्र सोडू नका. शनिवारी पाळी सुटायच्या आत मला कागदावर उत्तर पाहिजे, आतड्यातला की कागदातला. रविवारी मला सासूबाईंसमोर बसायचंय, आणि या वेळी त्यांनी विचारलं तर मी गप्प बसणार नाही.