सामान येईपर्यंत

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, विमानतळाचे संचालक महोदय. त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या सुरक्षाप्रमुख बाई. डाव्या हाताला बसलेले, आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते सामान विभागाचे अधीक्षक, अर्थात माझे मेहुणे. समोर पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी, अर्थात त्यांची थोरली बहीण. आणि काम अर्धवट टाकून नव्हे, तर रीतसर बदली माणूस देऊन इथे आलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला ‘दोन शब्द’ बोलण्याची विनंती केली. दोन शब्दांत वाक्यही धड उभे राहत नाही, तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने मी थोडे अधिक घेतो. मला न ओळखणाऱ्या नव्या मंडळींसाठी सांगतो: या विमानतळावरच्या घोषणा लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. आवाज दुसऱ्यांचे, वाक्ये माझी. मी असेपर्यंत इथले एकही विमान ‘उशिराने धावले’ नाही. विमान धावते ते धावपट्टीवर, आणि तेही फार थोडा वेळ. उशीर होतो तो उड्डाणाला. मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात विमाने उशिराने धावू लागली. असो.

निरोपाच्या भाषणात उत्सवमूर्तीविषयी चांगले बोलायचे असते. माझे मेहुणे मनमिळाऊ आहेत, कष्टाळू आहेत, हाताखालच्या माणसांवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. हे सगळे खरे आहे. ते मी सुरुवातीलाच सांगून टाकले. आता बाकीचे बोलायला मोकळा झालो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मेहुण्यांना या महिनाअखेरीस इथले क्वार्टर सोडायचे आहे. त्यांचे स्वतःचे घर नाही, संसारही नाही. आमच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, आणि तो भावाला द्यावा असे माझ्या पत्नीने परवा मला सांगितले. मी म्हणालो, उत्तर भाषणात देईन. म्हणून ती आज माझे भाषण इतके लक्ष देऊन ऐकते आहे. एरवी माझ्या दुसऱ्या वाक्याला तिला पर्समध्ये काहीतरी शोधायचे असते.

आता विमानतळाविषयी. इथे जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते: या धंद्यात दिसते तसे फार थोडे असते. ज्या पेटीला सगळे जग ‘काळी पेटी’ म्हणते, ती भडक केशरी असते. अपघातानंतर चटकन सापडावी म्हणून. एवढी मोठी चूक जगाने निमूटपणे चालू ठेवली, याचे मला आजही नवल वाटते. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा हा तिचा अनुक्रमांक नव्हे. होकायंत्राप्रमाणे तिची दिशा जितके अंश असते, ते दहाच्या पटीत घेऊन, शेवटचे शून्य गाळून तो आकडा लिहितात. आणि पृथ्वीची चुंबकीय उत्तर दिशा हळूहळू सरकत असते. त्यामुळे पट्टी जागची हललेली नसली, तरी काही वर्षांनी आकडा पुसून नवा रंगवावा लागतो. सांगा, ज्या उत्तरेच्या भरवशावर सगळे जग वाट शोधते, तीच जागा सोडत असेल, तर माणसाने नातेवाइकांकडून काय अपेक्षा ठेवावी?

उंचावर गेले की जिभेला मीठ आणि साखर कमी जाणवते. जमिनीवर टोमॅटोचा रस तोंडाला न लावणारी माणसे विमानात तो मागून पितात. दूर गेलेल्या माणसाची चव बदलते, हे मी तेव्हाच मनावर घ्यायला हवे होते. पुष्कळ विमान कंपन्या दोन वैमानिकांना वेगवेगळे जेवण देतात; अन्न बाधले तर दोघे एकदम आडवे होऊ नयेत, म्हणून. आमच्या घरी ही खबरदारी कोणी घेतली नाही. मेहुणे आणि मी वर्षानुवर्षे एकाच डब्यातून जेवलो. त्यांच्या बहिणीने भरलेल्या.

एक क्षण थांबतो. हे उतरणारे विमान आहे, ते माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते.

हां. तर सामान. एके काळी इथे प्रवाशांची एकच तक्रार असे: सामान वेळेवर येत नाही. विमानातून उतरून लोक मिनिटाभरात बेल्टपाशी येत आणि रिकाम्या फिरणाऱ्या पट्ट्याकडे बघत ताटकळत. शिव्या मात्र मला बसत, कारण ‘आपले सामान लवकरच येत आहे’ हे वाक्य माझे होते. मेहुणे तेव्हा नुकतेच अधीक्षक झाले होते. एका दुपारी कँटीनमध्ये डबा उघडता उघडता ते मला म्हणाले, “भाऊजी, काम झालं. आता तक्रार येणार नाही.”

“माणसे वाढवलीत?”

“छे! कोण देतंय माणसं?”

“गाड्या वाढवल्यात?”

“भाऊजी, सामान लवकर आणता येत नाही. पण माणसं उशिरा नेता येतात.”

त्यांनी एवढेच केले होते: जवळचा बेल्ट बंद करून शेवटच्या टोकाचा सुरू केला. प्रवासी लांबलचक बोळातून, दोन वळणे घेऊन, जाहिराती वाचत चालत जात; पोहोचतात तोच समोर सामान हजर! सामानाला वेळ पूर्वीइतकाच लागत होता. तक्रारी मात्र बंद झाल्या. पत्रे आली, तीही आभाराची. ही युक्ती जगात दुसरीकडेही केली गेली आहे, असे म्हणतात. पण मेहुण्यांना ती स्वतः सुचली होती, हे मी मान्य करतो. मी हसलो, त्यांना टाळीही दिली. तेव्हा ते जे म्हणाले, ते मी विसरलो नाही. “चालणारा माणूस वाट बघत नसतो, भाऊजी.”

आता आमच्या घराकडे येतो.

आम्हाला एकच मुलगा. तो परदेशी गेला, तो याच विमानतळावरून. त्याच्या विमानाची शेवटची घोषणा माझ्याच शब्दांत झाली. जाताना तो म्हणाला, “बाबा, चार-पाच वर्षं. मग येतोच.” निवृत्त झाल्यावर मी त्याच्यासाठी घरावर मजला चढवायला घेतला. मेहुणे रोज संध्याकाळी यायचे. पाणी मारायचे, गवंड्याशी गप्पा मारायचे, मला हाताला धरून शिडीवरून उतरवायचे. मजला पुरा झाला, तेव्हा ते मधोमध उभे राहून म्हणाले, “भाऊजी, खिडक्या जरा लहान वाटतात. तो तिकडे मोठ्या खिडक्यांत राहिलेला आहे.” मी खिडक्या फोडून मोठ्या केल्या. मग ते म्हणाले, “जिना बाहेरून हवा. उद्या सून आली, तर तिला तुमच्या डोळ्यांसमोरून ये-जा करायला लावणार का?” मी जिना बाहेरून घेतला. मग ओटा ठेंगणा निघाला, मग न्हाणीघराचा उतार उलटा. गवंडी मला म्हणाला, “काका, एकदा ठरवा. घर बांधताय की पाडताय?”

मला राग आला नाही. मामाला भाच्याची केवढी काळजी, असे मी म्हणत असे.

या भाषणाच्या तयारीसाठी मी गेल्या आठवड्यात सामान विभागात गेलो. त्या बोळाची नेमकी लांबी मला हवी होती. ‘सुमारे’ हा शब्द मला भाषणात चालत नाही. तिथले सर्वांत जुने हमाल, ज्यांना आपण सगळे ‘पैलवान’ म्हणतो, त्यांनी मला खुर्ची दिली. ते मागे बसले आहेत. पैलवान, उठू नका, तुमची काही चूक नाही. पैलवान म्हणाले, “काका, त्या दिवशी तुम्ही हवे होतात.”

“कोणत्या दिवशी?”

“अहो, तुमच्या मुलानं तिकडे घर घेतलं ना, कायमचं? साहेबांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. केक होता. तुम्हाला बरं नव्हतं म्हणे.”

“कधीची गोष्ट ही?”

पैलवानांनी आठवून सांगितले, “नवं तपासणी यंत्र बसवलं ना? तेव्हाची.”

ते यंत्र केव्हा बसले, हे मला पक्के ठाऊक आहे. त्याच्या सूचनाफलकात चार चुका होत्या आणि त्या कळवायला मी मुद्दाम इथे आलो होतो. तेव्हा माझ्या खिडक्या लहान होत्या. जिना आत होता. ओट्याला कोणी ठेंगणा म्हटलेले नव्हते.

माझी प्रकृती उत्तम होती.

घरी गेलो. पत्नी भाजी चिरत होती. मी विचारले, “तुला ठाऊक होते?”

तिने सुरी खाली ठेवली. “होतं.”

“कोणी सांगितले?”

“त्यानं मामाला फोन केला होता. म्हणाला, बाबांना तू सांग मामा, माझ्यानं होत नाही.”

“आणि मामाच्याने?”

“त्याच्यानंही झालं नाही.”

“तू तर रोज माझ्यासमोर होतीस.”

“तुम्ही सकाळी उठून वाळू चाळत होतात,” ती म्हणाली. “शीळ घालत होतात. मी चहा घेऊन यायची, शीळ ऐकायची, आणि परत जायची. कसं सांगणार होते?”

शीळ घालणाऱ्या माणसाला सत्य सांगू नये, असा नियम मी कुठे वाचलेला नाही.

काय म्हणालात, मेहुणे? मोठ्याने बोला, ध्वनिक्षेपक माझ्याकडे आहे. “भाऊजी, घरी बोलू”? माझ्या मुलाच्या घराचा चहा आपण घरी दिला नव्हता. तो इथे दिलात, म्हणून मीही इथेच बोलतो. अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलेत. मी फार वेळ घेणार नाही.

मुलाने तिकडे घर घेतले, याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे आयुष्य आहे, त्याने घर घ्यावे; आणि खिडक्या मोठ्या असाव्यात, अशी आशा आहे. सामान उशिरा आले, हीही माझी तक्रार नाही. प्रवाशांना आपण लांबच्या बेल्टकडे पाठवलेत, पण त्यांचे सामान येणार होते. माझे येणार नव्हते. हे ठाऊक असून आपण मला त्या बोळातून चालवलेत. वळणामागून वळण दिलेत. आणि मी दमून बसलो की, पुढे बघा भाऊजी, आता थोडेच राहिले, असे म्हणत मला हात दिलात.

उड्डाण रद्द झाले की मला वरून सांगितले जाई, ‘अनिश्चित विलंब’ असे लिहा. लोक कमी चिडतात. मी लिहिले नाही. मी ‘रद्द’ असे लिहीत असे. लोक ओरडत, काउंटरवर हात आपटत, एकदा एका गृहस्थांनी माझी कॉलर धरली. पण अर्ध्या तासाने ते घरी गेले. ‘रद्द’ हा शब्द कठोर आहे, पण तो माणसाला घरी जाऊ देतो. विलंब म्हटले की माणूस तिथेच बसून राहतो, बॅग पायात धरून. मेहुणे, तुम्हाला माझ्या सगळ्या घोषणा पाठ होत्या. माझ्या वाट्याला तुम्ही त्यांतला एक शब्द दिला असता, तर मी तो झेलला असता. निदान ओळखीचा तरी वाटला असता.

तर उत्तर. माझी पत्नी आता पदराशी चाळा करते आहे, म्हणून अधिक लांबवत नाही. मी गोलमोल बोलणार नाही. वरचा मजला मेहुण्यांना मिळेल. ‘रद्द’ नाही.

मात्र तो तयार नाही. भिंतींना रंग नाही. मुलाला विचारून द्यायचा, म्हणून मी तो राहू दिला होता. तो रंग मेहुण्यांनी स्वतःच्या हाताने द्यायचा आहे. पाहुण्यांच्या खोलीत त्यांचा बिछाना घातलेला असेल. पण सकाळी उठून, बाहेरच्या जिन्याने, जो त्यांच्याच सूचनेवरून बाहेर आहे, त्यांनी वर जायचे. एक भिंत झाली की मला हाक मारायची. मी वर येईन, मधोमध उभा राहीन, आणि पाहीन. रंग मला जरा फिका वाटण्याची शक्यता आहे. दुसऱ्यांदा गडद वाटेल. मजला केव्हा तयार होईल, हे त्यांनी मला विचारू नये. त्यांनी शीळ घालायला हरकत नाही.

संचालकांनी मला निवृत्तीनंतरही या व्यासपीठावर बोलावले, आपण सर्वांनी इतके शांतपणे ऐकून घेतले आणि एका विमानाने मध्येच विश्रांती दिली, याबद्दल मी ऋणी आहे. भाषणात काही अधिकउणे झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर वयाकडे पाहून पदरात घ्यावे. व्याकरणाची चूक आढळल्यास मात्र माफ न करता मला येऊन सांगावी.

चहाची व्यवस्था मेहुण्यांनी आग्रहाने स्वतःकडे घेतली होती. ती या दालनाबाहेर नसून, बोळाच्या पार पलीकडच्या टोकाला आहे, असे मला आत्ताच समजले. आपण सर्वांनी सावकाश चालत जावे. मी इथे या खुर्चीवर बसतो. चहा तयार झाला की मला बोलवा. झाला नसेल, तर तसे सांगा.