धाकटीचा प्रश्न

मोठी : नाही म्हटलं ना एकदा. तिसऱ्यांदा विचारलं म्हणून उत्तर बदलत नसतं.

डॉक्टरीण : मी विचारत नाहीये, आजी. एवढंच सांगतेय की संध्याकाळपर्यंत वेळ आहे. त्यानंतर तुमच्या बहिणीचा मेंदू काढून घेतला तरी अभ्यासाला उपयोगी पडत नाही.

मोठी : मग संध्याकाळपर्यंत बसते. खुर्ची बरी आहे तुमची.

सून : आई, मावशींनी स्वतः लिहून दिलंय. चांगल्या शुद्धीत असताना. आपण नुसती सही करायची.

मोठी : तिनं लिहून दिलंय तर वर माझी सही कशाला? जिवंतपणी तिचं काही अडलं नाही माझ्यावाचून. आता बरं अडलं.

डॉक्टरीण : आमच्या केंद्राचा नियम आहे. सगळ्यात जवळच्या माणसानं हो म्हटल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. त्यांना नवरा नाही, मूलबाळ नाही. तुम्ही त्यांच्या जुळ्या. तुमच्याहून जवळचं कोण?

मोठी : हे तिला सांगायचं होतंस. होती तेव्हा.

सून : डॉक्टर, तुम्ही मनावर घेऊ नका. सकाळी इथल्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा या गिरणीत एकाचं दळण काढत होत्या. फोन ठेवला. दळण पुरं केलं. पीठ डब्यात भरून दिलं, वर त्या माणसाला म्हणाल्या, झाकण घट्ट लाव. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, धाकटी गेली, गाडी बोलाव. तेव्हापासून पोटात पाण्याचा घोट नाही की डोळ्यात टिपूस नाही.

मोठी : अर्धं दळण टाकून उठत नसतात. पीठ वाया जातं.

डॉक्टरीण : आजी, काही होतंय का तुम्हाला? छातीत वगैरे?

मोठी : काही होत नाहीये, तेच तर. फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात ना, तसं. पाय आहे हे दिसतं. टेकवला तर कळत नाही. घे लिहून, तुमच्या उपयोगाचं आहे.

डॉक्टरीण : आज मी काही लिहून घेणार नाहीये.

मोठी : नवल आहे. इतक्या वर्षांत पहिलाच दिवस.

सून : मला यांनी कधी बरोबर आणलं नाही, डॉक्टर. वर्षातून एक दिवस इस्त्रीचे कपडे घालायच्या, ‘मोजून येते’ म्हणायच्या आणि निघायच्या. काय मोजून, ते विचारायची सोय नव्हती.

मोठी : काय नाही मोजलं ते विचार. पहिल्यांदा हाडांवाला होता. कमरेची हाडं बघून म्हणाला, आजी, तुमची हाडं विशीतल्यासारखी आहेत. मी म्हटलं, पोती उचलून बघ, तुझीही होतील. मग पोटवाली आली. तिला आमच्या पोटातले जंतू हवे होते. हातात डबी दिली आणि म्हणाली, उद्या सकाळचं यात आणा. मी म्हटलं, बाई गं, निघताना लोकांना डबा भरून दिलाय मी आजवर, पण असला नाही. एक जण माझ्या अंगणातली माती आणि नळाचं पाणी घेऊन गेला, आणि धाकटीकडे अंगण नाही तर तिच्या कुंडीतली. एकानं मनगटाला पट्टा बांधला, झोप मोजायला. त्या पट्ट्यापायी रात्रभर डोळा लागला नाही, ते त्यानं मोजलं की नाही देव जाणे. आणि एक तो लांब मानेचा. शेजाऱ्यांवर विश्वास किती, दहापैकी सांगा. मी विचारलं, कुठल्या शेजाऱ्यावर? तर म्हणे सरसकट. सरसकट शेजारी कुठे राहतो रे बाबा, मला दाखव, मी आकडा सांगते.

सून : आणि हे सगळं मावशींचंही?

मोठी : सगळं. त्याच दिवशी, शेजारच्या खोलीत. जुळ्यांचा अभ्यास ना यांचा, दोघी एकदम आलो तरच धरायचं, नाहीतर ते वर्ष फुकट. मधल्या वेळात बाहेर बाकावर बसायचो. त्या डबीचं ऐकून ती इतकी हसली की पोटवालीनं दार उघडून बघितलं, काय झालं म्हणून.

सून : म्हणजे बोलत होता तुम्ही. आम्हाला घरात सगळ्यांना वाटायचं, भांडण आहे.

मोठी : भांडण कसलं. भांडायला येणंजाणं लागतं. ती यायचीच नाही. कार्याला नाही, आजारपणाला नाही. तुझे सासरे गेले तेव्हा आली, दारातच उभी राहिली आणि गेली. मी एकदा गेले होते तिच्या घरी. चहा दिलान् आणि माझ्यासमोर बसून खिडकीबाहेर बघत राहिली. मी समजले काय ते. कॉलेजात भूमिती शिकवणारी बाई. पिठानं माखलेली बहीण खुर्चीत बसलेली कशी चालेल? पुन्हा तिची पायरी चढले नाही. तिचं नाक तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. आता नाक एकाच साच्यातलं, त्याला कोण काय करणार.

डॉक्टरीण : त्या तशासाठी बघत नव्हत्या खिडकीबाहेर.

मोठी : तुला गं काय ठाऊक? डॉक्टरीण म्हणवतेस आणि साधी सुई टोचता येत नाही.

डॉक्टरीण : नाही येत. मी त्यातली डॉक्टर नाहीच. मी शाळांचा अभ्यास करते. कुणाला शाळेत घालतात, कुणाला घरी ठेवतात, त्याचं पुढे काय होतं. म्हणून तर त्या माझ्याकडे आल्या. एक प्रश्न घेऊन आल्या.

मोठी : प्रश्न तुम्ही विचारायचे. आम्ही आपली उत्तरं द्यायची.

डॉक्टरीण : त्यांनी उलट केलं. आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा आमचा विषय नाही, समाजाचा अभ्यास करणाऱ्यांकडे जा. तुमचा तो लांब मानेचा म्हणाला, हे मेंदूवाल्यांचं काम. मेंदूवाले म्हणाले, एका जोडीवरून काही सिद्ध होत नसतं, बाई. दर वर्षी आपलं मोजून झालं की त्या या इमारतीत एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायच्या. मी तेव्हा नवी होते. मलाही आधी वाटलं, रिकामपणाचा उद्योग.

मोठी : मला वाटायचं, साहेबलोकांशी चार शब्द बोलायला रेंगाळते. बरोबरीचे ना ते तिच्या. मी बसायचे वाट बघत. काय विचारायची एवढं?

डॉक्टरीण : ते सांगते. पण लहानपणी फक्त त्या एकट्याच शाळेत का गेल्या, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं का कधी?

मोठी : शिक्षण किती, एवढं विचारायचे. जेमतेम म्हटलं की पुढे सरकायचे.

सून : मलाही नाही माहीत, आई.

मोठी : सांगण्यासारखं काय आहे त्यात. पाठची तीन भावंडं होती. त्यांना सांभाळायला, पाणी भरायला एक मुलगी घरात हवी. दोघींना शाळा कशी जमणार? तर आमची आई म्हणाली, ही थोरली धट्टीकट्टी आहे, ही राहील कामाला. ती किडमिडी आहे, तिला बसायचं काम द्या. आमच्या घरात शाळा म्हणजे बसायचं काम. झालं. अशक्त निघाली म्हणून ती शिकली, मी धट्टी निघाले म्हणून राहिले. धट्टीपणाचा माज मला अजून आहे, तो मी सोडणार नाही. पहिली दोन वर्षं संध्याकाळी पाटी घेऊन यायची माझ्याकडे, हे बघ म्हणायची. माझं नाव लिहायला तिनंच शिकवलं. पण बहुतेक वेळा मी झोपलेली असायचे. दमायचे ना. मग यायची बंद झाली.

डॉक्टरीण : त्या असंच म्हणाल्या होत्या. मी उठवायला हवं होतं, म्हणाल्या.

मोठी : उठवलं असतं तर फटका दिला असता.

डॉक्टरीण : त्यांचा प्रश्न असा होता, आजी. आम्ही दोघी एका मापाच्या. शाळा मला मिळाली, तिला मिळाली नाही. मला जे मिळालं आणि तिचं जे गेलं, ते आत कुठे दिसतं का?



मोठी : त्या नळकांड्यात घालून दोघींच्या डोक्यांचे फोटो काढले होते तुम्ही. त्यात बघायचं.

डॉक्टरीण : बघितलं. फोटोत आकार दिसतो, मोठा भाग दिसतो. बारीक जोडणी दिसत नाही. ती माणूस गेल्यावरच बघता येते. हे त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग तेव्हा बघा. मी मेंदूवाल्यांना आणि आकडेवाल्यांना एका टेबलाशी आणून बसवलं. तुमच्यासारख्या आणखी जोड्या शोधल्या, एक शिकलेली, एक घरी राहिलेली. आहेत, आजी. बऱ्याच आहेत. पण प्रश्न पहिल्यांदा विचारला तो त्यांनी.

मोठी : आणि हे मला सांगायला तिची जीभ झडली होती?

डॉक्टरीण : मी म्हटलं होतं त्यांना, बहिणीशी बोला. म्हणाल्या, तिच्यासमोर बसलं की मला तिचे हात दिसतात. माझेच हात आहेत ते, फक्त राबलेले. माझ्यानं बघवत नाही. तिच्या घरी तर बसवतच नाही.

मोठी : म्हणून खिडकी.

डॉक्टरीण : हो.

मोठी : मूर्ख. जन्मभर भूमिती शिकवली आणि मूर्खच राहिली. मला वाटायचं, माज आहे हिला. माज असता तर बरं होतं. माजाला मी चोख उत्तर दिलं असतं. याला काय द्यायचं?

सून : आई, पाणी घ्या थोडं.

मोठी : ठेव तिथे. काय गं पोरी, दिसेल असं वाटतं तुला?

डॉक्टरीण : खरं सांगू? माहीत नाही. माहीत असतं तर बघितलंच नसतं.

मोठी : दिसलं, तर माझं गेलं ते खरोखरच गेलं. नाही दिसलं, तर ती जन्मभर उगाच तोंड चुकवत राहिली. यात चांगलं कुठलं निघायला हवं, ते सांग मला.

डॉक्टरीण : ते मला नाही सांगता येणार. पण अजूनही नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी पुन्हा विचारणार नाही. त्यांना तुमच्या ताब्यात देऊ, तुम्ही त्यांना घेऊन जा.

सून : घरी नेऊ या का, आई? तुम्ही म्हणाल तसं करू. ह्यांना फोन करते, येतील ते.

मोठी : नेऊन काय करू? बोलणार आहे का ती? मघाशी नाही म्हटलं कारण मला वाटलं, हेही हिनं परस्पर ठरवलं. शाळा परस्पर, गाव सोडलं ते परस्पर, मरणही परस्पर. आणि आता कुठे माझ्या सहीला आली. मी म्हटलं, तंगव जरा. तिला तंगवायची ही एकच संधी मिळाली मला सगळ्या आयुष्यात.

डॉक्टरीण : समजतं मला.

मोठी : समजत नाही. पण असू दे. आण तो कागद. आणि अंगठ्याची शाई दिसतेय तिथे टेबलावर, ती उचलून ठेव. सही येते मला.

सून : वाचून दाखवू का आधी, काय लिहिलंय ते?

मोठी : ती भूमितीची बाई वाचल्याशिवाय सही करणारी नव्हती. तिनं वाचलंय ना, बास झालं. कुठे करायची? इथे?

डॉक्टरीण : इथे. आजी, एक सांगायचं राहिलंय. ते न सांगता सही घेतली तर बरं दिसणार नाही. एकट्या त्यांच्यावरून उत्तर मिळत नाही. शेजारी ठेवून बघायला...

मोठी : माझंही डोकं लागणार. एवढं कळतं मला. एका पारड्यात वजन होत नाही.

डॉक्टरीण : ते आज ठरवायची गरज नाही. घरी जा, मुलांशी बोला. वर्षभरानं सांगितलंत तरी चालेल.

मोठी : मुलांशी काय बोलायचं? त्यांचं आहे का डोकं? तोही कागद आण. परत एवढ्या लांब कोण येतंय. आता तर यायला कारणही राहिलं नाही.

सून : आई, ह्यांना एकदा विचारलं असतं तर...

मोठी : तू सांग त्याला. म्हणावं, आईनं परस्पर ठरवलं. आमच्याकडे चाल आहे तशी.

डॉक्टरीण : उत्तर येईल तेव्हा तुम्हाला कळवता येणार नाही, आजी. तेही सांगून ठेवते.

मोठी : तिलाही नाही ना कळणार?

डॉक्टरीण : नाही.

मोठी : मग तक्रार नाही. हे घे. दोन्हीवर केली. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

डॉक्टरीण : आता त्यांना आत नेतील. समोरच्या इमारतीतच आहेत. त्याआधी बघायचंय तुम्हाला?

मोठी : नको. मेल्यावर मी कशी दिसेन, ते इतक्यात कशाला बघू.

सून : मी येऊ का बघून? कुणीतरी आपलं जायला हवं, आई.

मोठी : जा. आणि केस कपाळावर आले असतील तर मागे सार. येतात आमचे.