पटलेवहिनींचं उत्तर

ऑफिसचा मेल घरून उघडायची सोय हवी म्हणतोस, तर आधी आमच्या पटलेभाऊंचं ऐक. कामठा रोडला त्यांची राईस मिल. मेलचा सर्व्हर मिलमध्येच, म्हणून मेल फक्त तिथल्या कॉम्प्युटरवर दिसायचा. मी तो त्यांच्या गोंदियातल्या घरीही उघडेल असं करून दिलं आणि भाऊंसोबत वहिनींनाही शिकवलं.

पुढच्याच आठवड्यात भाऊ लग्नासाठी बालाघाटला गेले. इकडे एका मोठ्या व्यापाऱ्याचा मेल आला. तांदळात तुकडा जास्त आहे, भाव कमी करा, नाहीतर ट्रक उतरवत नाही. भाऊ परत आले तोवर वहिनींनी उत्तर धाडलंही होतं. भाऊंनी मला तातडीनं घरी बोलावलं.

"पाठवलेला मेल वापस घेता येते का?"

"नाही येत, भाऊ."

ते वहिनींकडे वळले. "काय लिहून बसली तू?"

"उतरवू नका म्हटलं. ट्रक परत धाडा. तुमी दर खेपेले भाव कमी करता, म्हणून ते मागून राहिले."

"मले इचारलं काऊन नाई?"

"तुमी हो म्हटलं असतं."

भाऊ डोकं धरून बसले. एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात व्यापाऱ्याचा मेल आला. माल उतरवला होता, ठरलेल्या भावातच.

भाऊंनी तो दोनदा वाचला. मग मला हळूच म्हणाले, "मले दुसरा आयडी बनवून दे. हा तिच्याकडंच राहू दे."