बर्फवाल्याला मिळालेली सवड

मंडळी, ऐका! एक सवाल टाकतो. देणं पुढं ढकललं, पैसा हातात राहिला — तो पैसा कुणाचा? आपला? अहो, माना काय डोलावता! आधी कथा ऐका!

देवगडच्या बंदरात वामन पेडणेकरांची बर्फाची फॅक्टरी. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून बर्फ बंद, म्हणून कमाई बंद! आणि विजेचं बिल? ते कुठलं बंद! नारळी पौर्णिमा तोंडावर. त्या दिवशी दर्याला नारळ वाहून ट्रॉलर निघणार, त्याआधी जुना कॉम्प्रेसर दुरुस्त व्हायला हवा. पैसे जमवले होते हो — पण ते सगळे बिलात जाणार!

तेवढ्यात मोबाइलवर एक सेवा सापडली. 'बिल आज आम्ही भरतो. तुम्ही हंगामात हप्त्यांनी द्या, वर थोडा आकार.' बोट टेकवलं — बिल भरलं! वामनराव उड्याच मारायला लागले! आणि तिथंच गडी फसला. खिसा गरम झाला की डोकं थंड राहत नाही, मग तो बर्फवाला का असेना! कॉम्प्रेसर राहिला बाजूला, बोलावलं रंगाऱ्याला — दारावर नावाची कमान रंगवायला!

बायको सुमतीबाई धावत आल्या.

"ओ, ह्यो खर्च कसलो?"

"अगे, बिलाचे पैसे वाचले!"

"वाचले? बिल माफ नाय झाला, फुडे गेला! ट्रॉलर इले नि बर्फ नाय गावलो, तर तेंका काय कमान देतल्यात?"

हसा, हसा! वामनराव नाही हसले. एकदा बर्फ मिळाला नाही की ट्रॉलरवरचा तांडेल दुसऱ्या फॅक्टरीची वाट धरणार, आणि तुटलेलं गिऱ्हाईक सहसा परतत नाही. रंगाऱ्याला शिडीवरून उतरवलं, मिस्त्रीला बोलावलं. त्यानं यंत्र उघडलं आणि कपाळाला हात लावला — "पेडणेकरांनू, ह्यो पयल्याच दिसा बंद पडलो असतो!"

आणि पौर्णिमा उजाडली! नारळ दर्यात पडला, ट्रॉलर बर्फ भरायला धक्क्याला लागले, बर्फाच्या लाद्या धडाधड घसरत सुटल्या! गल्ला भरला — आणि वामनरावांनी आधी काय केलं? पहिला हप्ता बाजूला काढून बायकोच्या हातात दिला. शाबास रे पठ्ठ्या!

आता तुमच्याकडे वळतो. आज सकाळी जाग आली ना? त्याचं बिल आलं? नाही! भगवंतानं परस्पर भरलं, तुम्हाला सवड दिली. फुकट नाही हो — सवड! तिचं काय केलंत? मला सांगू नका. ज्यानं भरलंय, तो विचारणार आहे! तेव्हा वाजवा टाळ, घ्या नाम — एक हप्ता तरी आज जाऊ दे!